बदली माणूस

प्रिय फूटपट्टी,

पाकीट जाड बघून तू आधी शेवटचं पान काढशील आणि निकाल काय लागला ते वाचशील, मला माहीत आहे. कादंबरीचंही तू हेच करायचीस आणि वर शेवट मलाच सांगून टाकायचीस. या वेळी तेवढं करू नकोस. माझ्या कराच्या केसचा निकाल काल आला. तो मी सांगणारच आहे, पण माझ्या क्रमाने सांगू दे. तू कंपनी सोडलीस त्याला तेरा महिने झाले. एवढ्या दिवसांत मी तुला एकच पत्र लिहिलं, तेही पाच ओळींचं, आणि त्यात मी काय मागितलं होतं ते आठवलं की अजून कान तापतात. तेव्हा आज लांबण लागणार. चहा घेऊन बैस.

आधी ऑफिसची खबर देते, म्हणजे माझा हातही जरा सैल होईल. खिडकीकडची आपली रांग मोडली. आपण कंत्राटावरचे, बाहेरचे सहा जण तिथे बसायचो. त्या सहा टेबलांपैकी चार उचलून नेली, पाचव्यावर छपाईचे कागद रचलेत आणि सहाव्यावर मी होते, म्हणजे परवापर्यंत. तुझ्या टेबलाचा तो डुगडुगणारा पाय, ज्याच्याखाली तू जुन्या कॅटलॉगची घडी सरकवायचीस, तो त्यांनी शेवटी दुरुस्त केला. कधी, तर टेबल गोदामात नेऊन टाकताना. चहाचं मशीनही नवीन आलंय, त्यातून चहा आणि कॉफी यांच्या मधलंच काहीतरी बाहेर पडतं. विभागप्रमुख बाई तुझी चौकशी करतात. मनापासून करतात की करायची म्हणून, ते मला अकरा वर्षांत कळलं नाही, पण करतात.

सुनावणीत मला सगळं मुळापासून सांगावं लागलं, त्यामुळे आपलं काम काय होतं ते मलाच नव्याने ऐकू आलं. अधिकारी पन्नाशीचा, चेहऱ्याने दमलेला, पण ऐकून घेणारा माणूस होता. तुम्ही नेमकं करता काय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, लिफ्ट कंपनी लिफ्ट बनवते, पण ती ज्यात बसवायची तो शाफ्ट बांधकामवाले बांधतात, आणि सरळ शाफ्ट मी अजून पाहिलेला नाही. कुठे भिंतीला पोट आलेलं, कुठे चौथा मजला दोन बोटं सरकलेला. म्हणून आम्ही वरून तारेला वजन बांधून ओळंबे सोडतो, प्रत्येक मजल्यावर तारेपासून भिंतीपर्यंतचं अंतर घेतो, वहीत लिहितो आणि त्यावरून ड्रॉइंग काढतो. सगळ्या मजल्यांत जे माप सगळ्यात कमी, ते धरायचं, कारण लिफ्टला तिथूनही जायचं असतं. शेवटी खाली खड्ड्यात उतरून त्याची खोली मोजायची. त्याने हे सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, अकरा वर्षं एकाच कंपनीसाठी? मी हो म्हटलं. शेजारी माझा कराचा सल्लागार बसला होता, त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय.

तो नियम आला तो दिवस तुला आठवत असेल. एक परिपत्रक आणि सोबत बावीस प्रश्नांचा तक्ता. नियमाचं म्हणणं एवढंच, की जो नावाला स्वतंत्र आणि वागायला नोकरासारखा, त्याचा कर नोकरासारखा कापावा. तो तसा आहे की नाही हे कंपनीने ठरवावं, आणि ठरवताना चुकलं तर भुर्दंड कंपनीला. एवढं म्हटल्यावर कंपनी कशाला हात पोळून घेते? सहाही जणांच्या तक्त्यांवर एकच शेरा आला, नोकरासारखे. बरं, नोकरासारखे म्हणजे नोकर नव्हेच. कर कापायला आपण घरचे आणि रजा मागायला परके. तू ते परिपत्रक वाचून हसलीस आणि त्याच्याच पाठीवर कुठल्यातरी दवाखान्याच्या लिफ्टची मापं उतरवायला घेतलीस.

मग ज्याने त्याने आपापली वाट धरली. वायरिंगच्या आराखड्यांवाला दाढी आठ दिवस सरकारच्या नावाने शंख करत होता आणि नवव्या दिवशी तिथेच पक्की नोकरी पत्करून मोकळा झाला. आता गळ्यात निळा पट्टा घालून फिरतो आणि मी समोरून आले की बुटाची नाडी बांधायला वाकतो. मोटरचं काम बघणाऱ्या दोघा भावांनी गाशा गुंडाळला, ते मेहुण्याच्या रंगाच्या दुकानात बसतात. सगळ्यात कहर केला तो आपल्या वजनवाल्याने, लिफ्ट किती भार पेलेल त्याचे हिशेब करणाऱ्याने. स्वतंत्र आहोत हे दिसलं पाहिजे म्हणून त्याने घरून स्वतःची खुर्ची आणायला सुरुवात केली. रोज सकाळी खुर्ची डोक्यावर घेऊन फाटकातून आत, रोज संध्याकाळी डोक्यावर घेऊन बाहेर, आणि पहारेकरी तिची नोंद करून सही घेणार. छापील कार्डं काढली, बायकोला आपल्या कंपनीची अध्यक्ष केलं. तिने म्हणे पहिल्याच बैठकीत त्याला घरी बसायला सांगितलं. पाठ धरल्यावर तोही गेला.

आणि तू काहीच केलं नाहीस. बावीस प्रश्न एकदा वाचलेस, मी कोण हे या कागदाने मला विचारू नये असं म्हणालीस, आणि महिन्याभरात स्वयंपाकघरं बसवून देणाऱ्यांकडे कपाटांची चित्रं काढायला निघून गेलीस, निम्म्या मिळकतीवर. मी तुला तेव्हा हट्टी म्हटलं. ते तोंडावर. पाठीमागे त्याहून वाईट बोलले, तेही आज कबूल करते.

मी लढायचं ठरवलं. माझं एक घरच होतं ना पणाला. तुला ते माहीत आहे, तरी लिहिते. मी तो शेरा मान्य नाही म्हटलं, तेव्हा कर खात्याने माझी मागची वर्षंही उघडली. हरले तर त्या सगळ्या वर्षांचा फरक दंडासकट भरायचा, आणि माझ्याकडे विकण्यासारखं म्हणशील तर त्या दोन खोल्याच. मास्तर गेल्यावर मी त्या खोल्यांना फार धरून राहिले. त्यांचा खडू सांडलेला कोट अजून दारामागे आहे. शाळेतून आले की तो तिथेच लावायचे आणि आपण दोघी काम घेऊन बसलेलो असलो की म्हणायचे, आली का फूटपट्टी, आणि आमची खोडरबर आज काय काय पुसून बसलीय. तू उंच, किडकिडीत आणि नेमकी. मी बुटकी, गोल आणि दहादा खोडून अकराव्यांदा बरोबर काढणारी. नवऱ्याने ठेवलेलं नाव ऑफिसभर झालं, आणि त्याचा राग यायचा तोही आता येत नाही.

तर मी सल्लागार केला. मऊ बोलणारा, स्वच्छ नखांचा माणूस. त्याने पहिल्याच भेटीत मला कसं वागायचं ते सांगितलं. टेबलावरची नावाची पट्टी काढा. जेवण घरून आणा आणि बाहेर बसून खा. कोणाच्या वाढदिवसाच्या कार्डावर सही करू नका, सामुदायिक फोटोत उभ्या राहू नका, समारंभाला जाऊ नका. कंपनीत मिसळलेल्या दिसलात की संपलं, म्हणाला. मी सगळं ऐकलं. नावाची पट्टी काढली तेव्हा खाली टेबलाचा रंग आणखी गडद निघाला, तो झाकायला मी कॅलेंडर ठेवलं. डबा घेऊन पार्किंगमधल्या कठड्यावर बसायला लागले. आधी बायका बोलवायच्या, मग बोलवेनाशा झाल्या, आणि मग त्यांना ते खरंच वाटायला लागलं की मी त्यांच्यातली नाही.

आता जे लिहिते ते लिहायला मला तेरा महिने लागले. बाईंनी तुझ्या निरोपाचा समारंभ ठेवला त्या दिवशी मी तुला साइटवर अडकल्याचं कळवलं होतं. मी साइटवर नव्हते. मी खालच्या जिन्यात थर्मास घेऊन बसले होते. वर टाळ्या झाल्या, मग बाई बोलल्या, मग तू. तुझे शब्द कळत नव्हते, आवाज कळत होता. मध्येच सगळे हसले. तू काय म्हणालीस ते मी आजपर्यंत कोणाला विचारलं नाही. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला तशी मी झाकण लावलं आणि मागच्या दाराने निघून गेले. दहा वर्षं मी तुझ्या शेजारी बसले आणि तुला निरोप द्यायला एक मजला चढून आले नाही. मला वाटतं तुला तेव्हाच कळलं असणार, कारण माझं साइटचं वेळापत्रक तुझ्याइतकं कोणालाच पाठ नव्हतं.

त्यानंतर बरेच दिवस काहीच झालं नाही. मग सल्लागाराने माझ्या मोजणीच्या सगळ्या वह्या मागितल्या. मी पिशवी भरून नेल्या आणि त्याच्यासमोर बसून राहिले. पाच वर्षांपूर्वीची हिरवी वही चाळताना तो थांबला. हे अक्षर तुमचं नाही, म्हणाला. मी वाकून पाहिलं. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ, एकाशी गफलत होऊ नये म्हणून तू देतेस तशी. एक पान नाही, नऊ इमारतींची पानं. हा माणूस कोण, त्याने विचारलं. मी तुझं नाव सांगितलं आणि ते पाच आठवडे सांगितले. तो खुर्चीतून उठलाच. बावीस प्रश्नांतला नववा प्रश्न, तुमच्या जागी तुम्ही दुसरा माणूस पाठवू शकता का. नोकराला स्वतःलाच यावं लागतं. स्वतंत्र असलेला बदली पाठवू शकतो. सगळ्यांच्या करारात तसं कलम असतं पण वापरलेलं कोणीच नसतं, म्हणून खातं ते मानत नाही. आणि माझ्याकडे तर वापरल्याचा पुरावा होता, तारखांसकट, दुसऱ्याच्या हस्ताक्षरात. या एका वहीवर आपण जिंकू, म्हणाला. मग विचारलं, किती दिलेत त्यांना? काही नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, आणि लगेच पुन्हा उजळला. त्यांच्याकडून लिहून घ्या, म्हणाला. यांनी मला बदली म्हणून नेमलं होतं आणि ठरलेला मोबदला दिला होता, एवढंच.

ते पाच आठवडे. आपण त्यावर कधी बोललोच नाही. सोमवारी सकाळी मास्तरांना श्वास घेता येईना म्हणून मी त्यांना इस्पितळात घेऊन गेले, आणि तिथल्या व्हरांड्यातून तुला फोन केला की बाईंना सांग, मी आज येत नाही. तू बरं म्हणालीस आणि फोन ठेवलास. पुढचे पाच आठवडे मला शाफ्ट, ड्रॉइंग, तारीख, कशाचं सोयरसुतक नव्हतं. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्यांच्या छातीकडे बघत असायचे. सगळं संपल्यावर मी ऑफिसला आले ती टेबल आवरायलाच. दोन तारखा चुकल्या की काम दुसऱ्याला, हे आपल्याला पहिल्या दिवशी सांगितलेलं होतं, आणि माझ्या तर नऊ चुकल्या असणार. पण माझा ट्रे रिकामा होता. नऊच्या नऊ ड्रॉइंगं वेळेत गेलेली, प्रत्येकाच्या कोपऱ्यात, रेखाटन असं लिहिलेल्या चौकटीत, माझी आद्याक्षरं. तू मान वर न करता म्हणालीस, तुझी टेप अडकते गं, बदलून घे. मी बरं म्हटलं.

आणि खड्डे. ते मला या वर्षी, त्या सल्लागाराच्या टेबलावर कळलं. तुला खड्ड्यात उतरायची भीती होती. चार पायऱ्यांची शिडीसुद्धा तुला उतरवत नसे, वरून पाणी टपकलं तरी तू पांढरीफटक पडायचीस. म्हणून आपला शिरस्ताच होता, तू माझी वरची गच्चीवरची मापं घ्यायचीस आणि तुझे सगळे खड्डे मी उतरायचे. या गोष्टीवरून मी तुला किती चिडवलंय. हिरव्या वहीत नऊ खड्ड्यांची खोली तुझ्या अक्षरात आहे. पहिल्या खड्ड्याचे आकडे वाकडेतिकडे आहेत, एक तर तू दोनदा गिरवलायस. सहाव्या-सातव्यापर्यंत हात स्थिर झालाय. मी तिथे बसून ती पानं बघत होते आणि समोरचा माणूस मला विचारत होता की यांचा पत्ता तुमच्याकडे आहे ना.

पाच वर्षांत मी त्यावर तुला एक शब्द बोलले नव्हते. सुरुवातीला तोंडातून शब्द फुटला नाही, नंतर आपल्यात कसले आभार असं वाटलं, मग इतके दिवस झाले की विषय काढायची लाज वाटायला लागली. पहिला शब्द काढला तो त्या कागदासाठी. आणि त्यातही मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. सल्लागाराने मला स्पष्ट सांगितलं होतं, की मोबदला मिळाला असं त्यांनी लिहून दिलं की तो तेव्हा दाखवला का नाही, हे खातं त्यांना विचारेल. कर आणि दंड त्यांना भरावा लागेल, पण तो त्यांचा प्रश्न. तो त्यांचा प्रश्न, हे शब्द मी ऐकले, घरी आले, आणि तुला लिहिलं की एक छोटी औपचारिकता आहे, सोबतच्या कागदावर सही करून पाठव. मला ठाऊक होतं आणि तरी मी लिहिलं. घराच्या भीतीने माणूस काय करेल सांगता येत नाही, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. ते मला पटलं नाही.

तुझा कागद चौथ्या दिवशी आला. रिकाम्या जागा भरलेल्या, मोबदल्याच्या जागी त्या वेळच्या दराने अगदी चोख आकडा, खाली सही. सोबत एक ओळसुद्धा नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं. मग खाली बसले आणि लक्षात आलं, की आपल्या सहाही जणांचे कराचे फॉर्म दर वर्षी तूच भरून द्यायचीस. कुठल्या चौकटीत काय लिहिलं की काय अंगावर येतं हे तुझ्याइतकं आपल्यात कोणाला कळत होतं? तू डोळे उघडे ठेवून सही केली होतीस. मी त्या दिवशी फार रडले, फूटपट्टे. मास्तर गेले तेव्हा रडायला वेळच मिळाला नव्हता, तेही त्यात असेल.

सल्लागाराला मी सांगितलं की कागद आलाय, ऐन वेळी देते. सुनावणीच्या दिवशी तो माझ्या पर्समध्ये होता. अधिकाऱ्याने हिरवी वही पानापानाने पाहिली. सल्लागार बदली, कलम, वापरलेला हक्क असं बरंच बोलला आणि माझ्यापुढे हात केला. मी पर्सची चेन उघडलीही होती. तेवढ्यात अधिकाऱ्याने वहीवरून नजर न उचलता मला विचारलं, "म्हणजे यांना तुमच्या जागी तुम्ही पाठवलंत?"

साधा प्रश्न होता. हो म्हटलं की घर राहत होतं. मी म्हणाले, "नाही. मी पाठवलं नव्हतं तिला. ती आपणहून गेली."

त्याने वर पाहिलं. मोबदला? नाही, काहीच नाही. मग त्या का गेल्या, त्याने विचारलं, आणि मी म्हणाले, "माझा नवरा जात होता, म्हणून." सल्लागाराने हात मागे घेतला. एकदा सुरुवात झाल्यावर मला थांबताच येईना. मी त्याला खड्ड्यांचं सांगितलं, तुझ्या भीतीचं सांगितलं, पहिल्या खड्ड्याचं पान काढून दाखवलं. बदली म्हणजे पैसे देऊन उभा केलेला माणूस असेल तर साहेब ही बदली नाही, म्हणाले, हिला माझ्या जागी कोणी उभं केलं नव्हतं. तो शांतपणे लिहीत राहिला. बाहेर आल्यावर सल्लागार म्हणाला, खरं बोलायचं होतं तर मला कशाला केलंत. त्याचंही बरोबरच आहे.

काल निकाल आला. मी हरले, सगळ्या वर्षांसाठी. कंपनीला असा वाद घालणारी माणसं नको असतात, त्यांनी परवाच टेबल आवरायला सांगितलं होतं, तोपर्यंत त्यांना कुणकुण लागली असणार. शनिवारी घर बघायला माणसं येणार आहेत. बसथांब्यामागे एक खोली पाहून ठेवलीय, खिडकी पूर्वेला आहे, कोट लावायला दारामागे जागा आहे. काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण तू करणारच. मला वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. काल मी दोन्ही खोल्यांतून नुसती फिरत होते.

पण पत्र लिहायला घेतलं ते हे कळवायला नाही. सल्लागाराचा सकाळी फोन आला. अपील करायला तीस दिवस आहेत, म्हणाला. सुनावणीत तुम्ही भावनेच्या भरात चुकीचं बोललात असं आपण मांडू आणि त्यांचा कागद जोडू, अजून सगळं हातात आहे. मी विचार करून सांगते म्हटलं, आणि विचार करायला लागले तशी मला माझीच भीती वाटली. तीस दिवस मोठे असतात आणि शनिवारी माणसं येणार आहेत. म्हणून तुझा तो कागद या पाकिटात घालून परत पाठवतेय. माझ्याकडे राहिला तर माझा भरवसा नाही. हातात पडल्या पडल्या फाडून टाक. त्याच्या बदल्यात निकालाच्या पाचव्या पानाची नक्कल जोडली आहे, तिथे मी पेन्सिलने खूण केलीय. त्यांनी लिहिलंय, "सदर पाच आठवड्यांचे काम करणारी व्यक्ती करदात्याने नेमलेली अथवा पाठवलेली नव्हती. ती स्वेच्छेने व कोणत्याही मोबदल्याविना आली होती. सबब तिला बदली म्हणता येणार नाही." याच तीन वाक्यांनी माझं घर गेलं. तू माझ्यासाठी काय केलंस ते पाच वर्षांत मला तुला सांगता आलं नाही, आता ते शिक्क्यासकट लिहून मिळालंय. ते पान सांभाळून ठेव.

तुझीच,
खोडरबर